तीन थरांची गाडी

काचेच्या कारखान्यात पॅकिंग शिकवणाऱ्या थरमास्तरांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची धडगत नसे. पॅकिंगच्या पट्ट्यावरून बरणी पुढे आली की आधीच्याने ती गुंडाळली आहे की नाही हे बघत बसायचं नाही. आपला थर आपण द्यायचा. ‘आधीच्याने दिला असेल’ या एका वाक्याने जगातली निम्मी काच फुटली, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम पहिल्याचा धाकटा भाऊ. पॅकिंगवाल्याने कधी काही सोडवायचं नाही. सोडवणं हे गिऱ्हाईकाचं काम.

आता कारखान्यातले नियम कारखान्यात ठेवावेत की नाही? पण नाही. बायको त्यांना त्याच पट्ट्यावर भेटलेली. हे गुंडाळणार आणि पुढच्या जागेवर उभी असलेली ती त्याच बरणीवर पुन्हा गुंडाळणार, असं त्यांचं जमलं आणि लग्नानंतरही क्रम तोच राहिला. मास्तरांची थोरली बहीण, आक्का, एकटी पडल्यावर त्यांच्याकडे राहायला आली. तिने जन्मात कधी पॅकिंग केलं नव्हतं. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वर्षभरात आक्का स्वतःच्या चष्म्याच्या डबीलाही वेगळी पिशवी घालायला लागली.

त्या घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत असे, त्यामुळे बातम्या लावायला गेलं की कुस्ती लागे. भिंतीवरच्या घड्याळाला पिशवी असल्यामुळे वेळ नेहमी अंदाजे कळे. सोफ्यावर पाहुणा टेकला की असा कर्रकन आवाज येई की बिचारा ‘माफ करा’ म्हणून पुन्हा उभा राही. आणि दारातल्या गाडीच्या सीटवर, दुकानातून आणताना होतं ते प्लास्टिक अजून जसंच्या तसं होतं. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटे, थंडीत ते कुरकुरे, पण काढायचं नाव नाही.

एवढं जपूनही गाडी बुडाली. आणि बुडवली कोणी? खुद्द मास्तरांनी. गेल्या वर्षी पावसात, पुलाखालच्या खोलगट रस्त्यात पाणी साचलं होतं. शेजारी बसलेली लेक म्हणत होती, “बाबा, नको.” हे म्हणाले, “एवढंसं तर पाणी आहे,” आणि घातली. मधोमध गाडीने एक गचका दिला आणि मान टाकली. मग मास्तरांनी काय करावं? किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. आणखी जोरात फिरवली, जसं काही जोर किल्लीत असतो.

गॅरेजवाल्याने इंजिन उघडून कपाळाला हात लावला. “साहेब, इंजिन हवा पितं. तुम्ही त्याला पाणी पाजलंत. बरं, बंद पडल्यावर गप्प बसावं, तर ठसका लागलेल्याला आणखी घोट पाजत राहिलात.” त्याने पुढच्या दिव्याच्या मागचं काळं, मुठीएवढं तोंड दाखवलं. त्या तोंडातून हवा नळीत जाते, नळीतून एका पेटीत. पेटीत कागदी फिल्टर असतो, तो धूळ गाळतो आणि हवा पुढे इंजिनात जाते. “या तोंडाला जपा,” तो म्हणाला.

पुढेही तो बरंच काही बोलला. पण ‘जपा’ हा शब्द कानावर पडल्यावर मास्तर पुढचं कशाला ऐकतायत! त्यांच्या डोळ्यांसमोर पिशव्या नाचायला लागल्या होत्या. पुढचं सगळं बाजूला उभ्या असलेल्या लेकीने ऐकलं.

त्या दिवसापासून गाडी दारात उभी राहिली की मास्तर बॉनेट उघडून त्या तोंडावर जाड पिशवी चढवत, वर रबर लावत आणि निघायच्या आधी काढत. शेजाऱ्यांनी हसून घेतलं. हसू देत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आता ही लेक. एकुलती एक. ती गुरांची डॉक्टर झाली होती आणि तिला लांबच्या एका तालुक्यात नोकरी लागली होती. काम फिरतीचं. कुठे गाय अडली, कुठे म्हैस फुगली की गाडी काढून धावायचं. म्हणून अट एकच होती. रुजू होण्याआधी गाडी चालवायचा परवाना हातात हवा. सोमवारी रुजू व्हायचं आणि परवान्याची शेवटची परीक्षा शुक्रवारी. शुक्रवार हुकला की नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला.

मास्तर सगळ्यांना सांगत, “पोरगी पास होणारच.” आणि अंथरुणावर पडले की डोळ्यांपुढे तोच लांबचा तालुका. अनोळखी रस्ते, ओढे, चिखल, आणि ही एकटी. त्यांना मनातून काय वाटत होतं ते सांगायलाच हवं. पोरगी पास व्हावी असं वाटत होतं आणि होऊ नये असंही वाटत होतं. तिला भुशात बसवून, खोक्यात घालून, वर ‘नाजूक माल’ असा शिक्का मारून घरातच ठेवता आलं असतं तर त्यांनी तेही केलं असतं.

शुक्रवारी सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. मास्तरांनी बॉनेट उघडलं, रबर काढलं, पिशवी काढली, झटकून घडी घालून खिशात ठेवली. बायको दारात उभी राहून आभाळाकडे बघत होती. आक्का चपला शोधत होती. दोघींनीही मास्तरांच्या नजरेला नजर दिली नाही, पण परीक्षेच्या दिवशी कोण कोणाच्या नजरेकडे बघतं?

परीक्षेच्या मैदानावर नियम होता की गाडीच्या मालकाने मागच्या सीटवर बसावं. परीक्षक म्हणजे पायांच्या मध्ये छत्री धरून बसणारा, जेवायची वेळ जवळ आलेला माणूस. त्याने मागे वळून पाहिलं तर मागे तीन डोकी.

“मालक कोण?” त्याने विचारलं.

“मी,” मास्तर म्हणाले.

“मग या दोघी?”

“घरातली वस्तू सगळ्यांची असते,” आक्का म्हणाली आणि प्लास्टिकवर आणखी आत सरकली. कर्रर्र असा आवाज झाला. परीक्षकाने डोळे मिटले, उघडले आणि भीक नको पण कुत्रं आवर अशा सुरात म्हणाला, “चला. सुरू करा.”

गाडी सुरू झाली. लेकीने ती वळणातून नेली, खांबांमधून नेली, रेषेवर बोटभर पुढे नाही, बोटभर मागे नाही अशी थांबवली. मग आला चढ. चढावर थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं.

ती थांबली. तिने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाने घरघर केली, दम लागल्यासारखा एक उसासा टाकला आणि ते बंद पडलं.

लेकीने पुन्हा चालू केलं. चालू होई, जागच्या जागी गुरगुरे आणि जोर द्यायला गेलं की धापा टाकून मरे. परीक्षकाने छत्री गुडघ्यावर आपटली. “गाडी नादुरुस्त. नादुरुस्त गाडीवर परीक्षा होत नाही.”

आणि त्याच क्षणी, सांगायलाही लाज वाटते, मास्तरांच्या पोटात कुठेतरी एक गोड गुदगुली झाली. राहिली पोरगी घरी! मग त्यांनी आरशात लेकीचा चेहरा पाहिला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले, पण एक थेंब बाहेर येऊ दिला नव्हता. मास्तरांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“साहेब, पाच मिनिटं,” लेक म्हणाली. “चढ चढत नाही आणि जागेवर गुरगुरते, म्हणजे हिला श्वास घेता येत नाहीये. मला बघू द्या.”

“बघा,” परीक्षक म्हणाला. “मी घड्याळ बघतो.”

सगळे खाली उतरले. लेकीने बॉनेट उघडलं आणि वडिलांकडे हात केला. मास्तरांनी खिशातून पिशवी काढून छाती पुढे काढत दाखवली. “मी काढली आहे. सकाळीच. ही बघ.”

लेकीने काळी पेटी उघडली. आत कागदी फिल्टर होता आणि फिल्टर एका पिशवीत होता. उरलेलं जेवण ठेवायची पिशवी, वर नीट गाठ मारलेली. ती गाठ मास्तरांनी ओळखली. सगळा संसार त्यांनी त्या गाठीशी झगडण्यात घालवला होता.

“अगं, हे काय?” ते म्हणाले.

“अहो, तुम्ही बाहेरून दिलात, मी आतून दिला,” बायको म्हणाली. “आपला थर आपण द्यायचा. तुमचंच वाक्य. आणि मी काही वेडी नाही, हवेसाठी सुईने भोकं पाडली आहेत.”

परीक्षकाने पुढे वाकून खरोखरच ती भोकं पाहिली. “बारीक आहेत,” तो म्हणाला.

“आमच्याकडे सगळं काम बारीकच असतं,” बायको म्हणाली.

लेकीने पिशवी फाडली, फिल्टर बसवला, पेटी लावली आणि गाडी सुरू करून जोर दिला. आधीपेक्षा बरी, पण धाप होतीच. दुसरं कोणी असतं तर रडलं असतं. पण ही त्या घरात वाढलेली. लहानपणी वाढदिवसाची भेट तीन खोक्यांतून आणि नऊ कागदांतून उकरून काढलेली पोर. दोन थर निघाले म्हणजे तिसरा असणारच हे तिला पाठ होतं. ती सावकाश वळली.

“आत्या.”

आक्का आभाळातला एक ढग निरखत होती.

“आत्या, पाय दाखव.”

“पायांचं काय आता? परीक्षा तुझी आहे की माझी?”

“साडी जरा वर घे.”

आक्काच्या डाव्या पायात लाल लोकरीचा मोजा होता. उजवा पाय नुसताच चपलेत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे चोराच्या पायातच होतं. लेकीने त्या काळ्या तोंडातून हात आत घातला, कोपरापर्यंत घातला, आणि अडलेल्या गाईचं वासरू ओढावं तसा ओढून ओढून लाल मोजा बाहेर काढला.

“लोकर श्वास घेते,” आक्का ठामपणे म्हणाली. “प्लास्टिक घेत नाही. या दोघांना एवढंही कळत नाही. मी तुझी पिशवी काढली, मोजा आत सारला, पिशवी पुन्हा होती तशी लावली. तुला पत्ता लागला का रे?”

मास्तरांना पत्ता लागला नव्हता. आयुष्यभर शिकवलेला नियम आज मैदानभर लोकांसमोर एकेक थर करून निघत होता, आणि नापास होणार होती ती पोर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. “साहेब,” ते म्हणाले, “चूक आमची आहे. तिघांची. तिची नाही. तिला पुन्हा एकदा चढ चढू द्या.”

परीक्षकाने मोज्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मास्तरांच्या खिशातून डोकावणाऱ्या दुसऱ्या पिशवीकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने नाना सबबी ऐकल्या असतील, पण ही सबब तिच्या मालकिणीसकट समोर एका मोज्यात उभी होती. “बसा,” तो म्हणाला.

गाडी चढ अशी चढली की आक्का मागे कलंडली. मग परीक्षकाने त्यांना रस्त्यावर नेलं. वळणं झाली, सिग्नल झाले, आणि मास्तर मनात म्हणू लागले की आता जमलं. तेवढ्यात परीक्षकाने घड्याळ पाहिलं. “पुढून सरळ घ्या. पुलाखालून. लवकर पोहोचू.”

तोच पूल. तोच खोलगट रस्ता. आणि मधोमध तेच गढूळ पाणी, वर काडीकचरा तरंगत असलेलं.

लेकीने पाण्याच्या अलीकडे गाडी थांबवली.

“थांबलात का? सरळ घ्या म्हटलं ना?”

“नाही घेणार, साहेब,” ती म्हणाली. “तळ दिसत नाहीये. हवेचं तोंड खाली, दिव्याजवळ असतं. पाणी तिथवर गेलं तर इंजिन संपलं.”

“सूचना पाळली नाही तर मला गुण देता येत नाहीत.”

मास्तर पुढे झेपावले. म्हणजे बघा हं, हा माणूस गाडीला पाण्याचा थेंब लागू नये म्हणून वर्षभर बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेला, पण पोरीचे गुण जातात म्हटल्यावर काय म्हणाला? “घे, बाळा, घे. साहेब सांगतायत ना? मी आत्ता उतरून तोंडाला पिशवी लावतो.”

“मोजा पण आहे,” आक्का म्हणाली.

“बाबा, पिशवी खिशात ठेवा,” लेक म्हणाली. “गॅरेजवाल्याने काय सांगितलं होतं? इंजिन चालू असताना तोंड बांधायचं नसतं. पाणी दिसलं की गाडी मागे घ्यायची. तेवढंच जपणं असतं. तुम्ही पुढचं ऐकलंच नाहीत.”

मागून हॉर्न वाजला. मालवाहू व्हॅनवाला काच खाली करून काहीतरी अभद्र बोलला, यांच्या बाजूने पुढे गेला आणि पाण्यात शिरला. मधोमध व्हॅनने एक गचका दिला. मास्तरांना तो गचका पाठ होता. मग शांतता झाली. मग किल्ली फिरल्याचा आवाज आला. पुन्हा फिरली.

“अहो, नका फिरवू!” मागून तिघेही एकदम ओरडले. यांच्या काचा बंद होत्या, त्याला काय ऐकू जाणार! त्याने तिसऱ्यांदा फिरवली.

परीक्षकाने बराच वेळ त्या व्हॅनकडे पाहिलं. मग छत्री सरळ धरली. “मागे घेणं हासुद्धा परीक्षेचा भाग आहे,” तो म्हणाला. “घ्या मागे. सरळ. वरच्या रस्त्यापर्यंत.”

रस्ता जेमतेम दोन गाड्यांचा, दोन्हीकडे भिंती. लेकीने आरशात पाहिलं. मागच्या काचेत तीन डोकी, पलीकडचं काही दिसेना.

“मागचे सगळे खाली वाका,” ती म्हणाली. “मला बघू द्या.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाकले. मास्तरांचं डोकं गुडघ्यांत गेलं. समोर फक्त प्लास्टिक आणि त्यांचे स्वतःचे बूट. भिंत किती जवळ आहे, मागून कोण येतंय, चाक कुठे आहे, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा पोरगी काय करतेय ते त्यांना बघता येत नव्हतं, आणि गाडी सरळ, सावकाश, कुठेही न घासता मागे चालली होती. त्यांनी ‘जपून’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. प्लास्टिकवर दोन थेंब पडले. पुसायला सोपं, म्हणून बरं.

“झालं,” लेक म्हणाली. “उठा आता.”

लांबच्या रस्त्याने ते मैदानावर पोहोचले. परीक्षकाने उतरून छत्री उघडली, पाऊस नव्हता तरी. “गाडीतले मागचे तिघे नापास,” तो म्हणाला. “चालवणारी पास.”

आक्काने त्याला चहाला बोलावलं. तो घाईघाईने गेला.

रविवारी सकाळी लेक निघाली. सामान गाडीत भरलं होतं आणि भरणारे मास्तर होते, त्यामुळे एका बॅगेची चार गाठोडी झाली होती. सीटवरचं प्लास्टिक मात्र आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः ओढून काढलं होतं. बायको बघत राहिली होती. “अहो, सोडवणं गिऱ्हाईकाचं काम ना?” तिने विचारलं. ते प्लास्टिकची घडी घालत राहिले.

निघण्याआधी त्यांनी बॉनेट उघडलं. पेटी पाहिली, मोकळी होती. बायकोने मान ताठ करून ‘बघा’ अशी खूण केली. मग त्यांनी त्या काळ्या तोंडात हात घातला, आणि हाताला काहीतरी मऊ लागलं. त्यांनी वळून आक्काच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय उघडे होते.

आक्काचे डोळे पाण्याने भरले होते. “एकच मोजा धड राहिला होता माझ्याकडे,” ती पुटपुटली. “काय करू त्याचं? पोर लांब चाललीय रे.”

मास्तरांनी मोजा बाहेर ओढला. मुठीत धरला, बॉनेट लावलं आणि वरून दोन थापा मारल्या.

“झालं का सगळं बघून?” लेकीने खिडकीतून विचारलं.

“झालं,” ते म्हणाले. “मोकळं आहे. जा.”

गाडी गल्लीच्या टोकाला गेली. तिथे पाण्याचं एक लहानसं डबकं होतं. गाडी थांबली, जरा थांबली, मग कडेने वळसा घालून दिसेनाशी झाली. मास्तर हात हलवत राहिले.

“अहो,” बायको रडत रडत म्हणाली, “मोजा हलवताय तुम्ही.”

“असू दे,” ते म्हणाले आणि हलवतच राहिले.